सातवा फॉर्मा

माझी नात झोया दर महिन्याला तिच्या फोनवरची एखादी प्रेमकथा मला वाचायला देते आणि माझं मत ऐकून दोन दिवस रुसते. मत गुळगुळीत करून सांगायचं नाही ही माझी जुनी खोड आहे आणि या वयात ती जाण्याची काही लक्षणं नाहीत. परवा दिलेल्या कादंबरीत हिंजवडीतल्या कंपनीत काम करणारी एक मुलगी होती आणि तिचा तिरसट वरिष्ठ. पहिल्या प्रकरणात दोघांचं भांडण होतं, तिसऱ्यात लिफ्ट बंद पडते, सातव्यात हॉटेलात नेमकी एकच खोली शिल्लक असते. मी झोयाला म्हटलं, या देशात लिफ्टची देखभाल नीट झाली तर तुझ्या लेखिकेला दुसरा धंदा बघावा लागेल. तिच्या आदल्या महिन्याच्या कादंबरीतला नायक इतका श्रीमंत आणि इतका रिकामा होता, की तो नेमकं काय काम करतो हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एक मात्र खरं, संवाद या मुली फार छान लिहितात. आमच्या वेळच्या नायिकांपेक्षा यांच्या नायिका शंभर पटीनं हुशार बोलतात. फक्त ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलत नाहीत. हातात फोन असतो, त्याचा मेसेज आलेला असतो, बाई तो वाचते आणि पुढची शंभर पानं उत्तर देत नाही. हे सगळं ऐकून झोया म्हणाली, "दादी, तुला ना, रोमान्स कळतच नाही." मला कळतो. सोळा पानांत कळलेला आहे, आणि त्यापायी आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे तिला वाचायला देता येईल.

आता मी कोंढव्यात लेकाकडे असते, पण तेव्हा आमचं घर कसबा पेठेत होतं. खालच्या खोलीत अब्बांचं बाइंडिंगचं काम आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी शेजारच्या आळीत तांब्याच्या पातेल्यांवर हातोड्या पडायला लागायच्या आणि त्यांच्यात अब्बांची हातोडी मिसळायची; ती पुस्तकाच्या पाठीवर पडत असल्यामुळे तिचा आवाज बसका होता आणि मला तो शंभर आवाजांत ओळखू यायचा. पुठ्ठ्यांना लावायची मैद्याची खळ अम्मीच्याच स्टोव्हवर शिजायची. आधी चहा, मग खळ, मग नाश्ता असा क्रम होता आणि अम्मीचं निम्मं आयुष्य त्या क्रमावरून अब्बांशी भांडण्यात गेलं. एकदा माझे मामू सकाळी सकाळी आले, झाकण उघडून त्यांनी दोन चमचे खळ खाल्ली आणि फिरनीत साखर विसरलीस म्हणून अम्मीला बोलले. कीड लागू नये म्हणून खळीत विषारी मोरचूद घालतात ते अजून घातलं नव्हतं हे आमचं नशीब. मामू पुढे वीस वर्षं आमच्याकडे काहीही खाण्याआधी विचारून घ्यायचे.

अब्बांचं मुख्य काम नारायण पेठेतल्या एका वाचनालयाचं होतं. बापट नावाचे गृहस्थ ते चालवायचे. कादंबरी बाजारातून यायची तेव्हा तिचं कव्हर पातळ असायचं, दहा घरं फिरली की पानं हातात यायची. म्हणून नवी कादंबरी आधी आमच्याकडे यायची. अब्बा ती उसवायचे, फॉर्मे सुटे करायचे, पुन्हा पक्की शिलाई घालायचे आणि रेक्झिनचा पुठ्ठा चढवायचे. फॉर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. पुस्तक अशाच घड्या एकावर एक शिवून होतं. उसवल्यापासून शिवेपर्यंत ते सगळे फॉर्मे आमच्या खालच्या खोलीत ढिगांनी पडलेले असायचे आणि पुण्यातली प्रत्येक नवी प्रेमकथा कुठल्याही बाईच्या हाती पडण्याआधी माझ्या हाती पडायची. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. फॉर्मे क्रमानं लावून देणं हे माझं काम, आणि लावता लावता वाचणं हा माझा हक्क असं मी मानून चालले होते.

घरात आम्ही दखनी बोलायचो, पण वाचायला मला मराठीच आवडायचं. अब्बांचं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी ते झकास बोलत, आकडे वाचत, दुकानांच्या पाट्या लावून लावून वाचत, पण कादंबरी वाचणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यामुळे ते शिलाई घालायला बसले की मी गोष्ट सांगायची. माझ्यासारखा फटकळ टीकाकार मी दुसरा पाहिला नाही म्हणावं तर अब्बा होते. नायक नायिकेला सोडून परदेशी गेला की ते विचारायचे, त्याच्या घरच्या म्हाताऱ्यांना कोण बघणार. नायिका रुसून माथेरानला गेली की विचारायचे, तिला रजा कोणी दिली. ऐतिहासिक कादंबऱ्यांत सगळे फार ओरडून बोलतात असं त्यांचं म्हणणं होतं, रहस्यकथेतला खुनी त्यांना पहिल्या फॉर्म्यात कळायचा, आणि पाककृतींची पुस्तकं अम्मीच्या हाती लागू नयेत म्हणून ती ते सगळ्यात आधी शिवून पाठवायचे. एकदा फक्त एका नायिकेचा बाप वारला तेव्हा त्यांनी सुई थांबवली आणि म्हणाले, हे चांगलं लिहिलंय, परत सांग.

बाइंडिंग करताना पुस्तकाच्या शेवटी दोन कोरी पानं जास्तीची घालतात. त्या पानांवर मी पेन्सिलीनं माझं मत लिहायला लागले. दोनतीन ओळी, बारीक अक्षरात, खाली सही म्हणून फक्त 'एक वाचक'. पुस्तकात लिहायला वाचनालयात सक्त मनाई होती आणि बापटांनी त्यासाठी काउंटरवर खोडरबर ठेवलेला होता. पण माझी मतं त्यांनी खोडली नाहीत. झालं असं की सभासद बायका पुस्तक मागून उघडायला लागल्या; आधी 'एक वाचक' काय म्हणतो ते पाहायचं आणि मग पुस्तक न्यायचं. मला वाटतं बापटांचा काउंटरवरचा बोलण्याचा त्रास वाचत होता. हा वाचक म्हणजे कोणीतरी निवृत्त प्राध्यापक असणार असा तिथे सर्वांचा समज होता. अब्बा बांधलेले गठ्ठे द्यायला गेले की ही चर्चा ऐकून यायचे आणि आम्हाला सांगायचे, आणि मी मान खाली घालून फॉर्मे लावत राहायचे. अब्बांना मी काय लिहिते ते ठाऊक नव्हतं. त्या पानांवर मी नाव, तारीख असं काही टाकत असेन असं ते समजत.

त्या वर्षी अब्बांना चष्मा लागला. तसं त्यात काही विशेष नव्हतं, पण आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, हेही बाइंडरच होते आणि त्यांची नजर पन्नाशीत गेली होती. शेवटची काही वर्षं ते दारात बसून नुसती बोटांनी पुस्तकाची पाठ चाचपायचे. अब्बांनी चष्मा आणला त्या दिवशी तो पुसत ते बराच वेळ उगाच बसून राहिले होते. त्यांच्या हातचं एकही पुस्तक आजवर परत आलेलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः कधी बोलत नसत, पण दुसऱ्या कोणी बोललं तर त्यांना ते आवडायचं.

अशात एका गठ्ठ्यात दोन प्रेमकथा एकदम आल्या. एक 'झुळूक आणि झुंबर', लिहिणाऱ्या बाईंचं टोपणनाव तरंगिणी. दुसरी 'परतीचा गजरा', ती कोणा दुसऱ्याच लेखिकेची. आकार एकच, छापखाना एकच, टाइपही एकच. 'झुळूक'मध्ये सुनंदा नावाची मुलगी हिलस्टेशनवरच्या बंगल्यात एका डॉक्टरची वाट बघत असते आणि 'गजऱ्या'त मालती नावाची टायपिस्ट तिच्या साहेबाची. दोन्ही कादंबऱ्या शहाण्णवाव्या पानावर, म्हणजे सहाव्या फॉर्म्याच्या शेवटी, अशा काही वळणावर आल्या की माझ्यानं राहवेना. मी दोन्हींचे सातवे फॉर्मे ढिगातून ओढले, भूमितीच्या पुस्तकात घातले आणि वर जाऊन एका बैठकीत वाचून काढले. तेवढ्यात अम्मीनं खिचडी-खट्टं वाढलंय म्हणून हाक मारली. तिची दुसरी हाक चांगली नसायची. मी धावत खाली आले, फॉर्मे ढिगांत सारले आणि जेवायला गेले. नंतर आकडे पाहिले. सहाच्या पुढे सात, सातच्या पुढे आठ, सगळं ठीक. पुढच्या चार दिवसांत आठव्या फॉर्म्यापासून पुढे दोन्ही वाचून संपवल्या आणि 'झुळूक'च्या मागे लिहिलं: 'सुनंदाला बोलता येतं, डॉक्टरला ऐकू येतं. ती एक वाक्य बोलली असती तर कादंबरी शंभराव्या पानावर संपली असती. ती दोनशे चाळीस पानं का गप्प बसते, हे लेखिकेलाही ठाऊक नसावं. — एक वाचक.' मला ते फार खुसखुशीत वाटलं होतं.

दोन महिन्यांनी एका दुपारी बापट आमच्या दारात उभे राहिले. ते कधीच कोणाकडे जात नसत, त्यामुळे अम्मीला वाटलं कोणी गेलं की काय. काखेतली दोन पुस्तकं त्यांनी अब्बांपुढे ठेवली आणि म्हणाले, "हमीदभाई, सातवा फॉर्मा बघा." अब्बांनी चष्मा लावला, पानं मोजली आणि सांगितलं की आकडे बरोबर आहेत. बापट म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. माणसं चुकलीत." मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. शहाण्णवाव्या पानावर शेवटचे शब्द होते, 'सुनंदानं मान वर केली आणि'. आणि पुढच्या पानाची सुरुवात होती, 'टाइपरायटरवर झाकण घालून ती उठली'. पुढे सोळा पानं मालती ऑफिसात. एकशे बाराव्या पानाचा शेवट 'तिच्या डोळ्यांत' असा आणि एकशे तेराव्याची सुरुवात 'पाणी तरळलं' अशी. ते दोन्हींकडे बिनबोभाट बसलं होतं. दुसऱ्या पुस्तकात तसंच उलटं. दोन महिन्यांत कादंबरी जवळजवळ रोज बाहेर होती आणि कोणी म्हणजे कोणी तक्रार केली नव्हती. उलट माझ्या मताखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'मधला ऑफिसचा भाग सर्वांत वास्तव वाटला', आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मालतीचं पुढे काय होतं हे लेखिकेनं वाचकांवर सोपवलं आहे, हे धाडस आवडलं.' आपल्या पुस्तकावर किती शिक्के पडले ते पाहायला तरंगिणीबाई स्वतः वाचनालयात गेल्या, त्यांनी सहज मधलं पान उघडलं, आणि मग हे उजेडात आलं. त्यांना बाइंडरला भेटायचं होतं. पुढच्या रविवारी त्या येणार होत्या.

आज हे लिहितानाही मला हसू येतं, पण तेव्हा हसू आलं नाही. फॉर्मे कुणी बदलले ते मला बापटांचं पहिलं वाक्य ऐकताच कळलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अब्बांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "चूक माझी. डोळे साथ देत नाहीत आता." बापटांनी पुस्तकं परत काखेत घातली. ते म्हणाले, होतं असं, आणि निघून गेले. मी काहीच बोलले नाही. त्या क्षणी बोलले असते तर एका वाक्याचं काम होतं. संध्याकाळी बोलायचं ठरवलं तर अब्बा खिडकीपाशी उजेडात बसून शिवलेली पुस्तकं पुन्हा पुन्हा तपासत होते, आणि आता सांगितलं तर हे दुपारी का नाही सांगितलं असं विचारतील म्हणून मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचंही कारण द्यावं लागणार होतं. असे दिवस साचत गेले. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात नाव उठवायचं काम अब्बांनी दुसऱ्या बाइंडरकडे पाठवलं. अम्मीनं दालचा केला, तो मी नुसता चिवडला, आणि तिला वाटलं परीक्षेची धास्ती आहे. शुक्रवारी अब्बांचे चुलतभाऊ लोणी काळभोरहून आले. त्यांचं तिथे हायवेवर टायरचं दुकान होतं. "ये की तिकडं," ते अब्बांना म्हणाले, "गल्ल्यावर बसून राहायचं काम हाय. डोळ्याला काय बी तरास नाय." अब्बांनी नाही म्हटलं नाही. इतकी वर्षं ते दर वेळी नाही म्हणत आले होते. त्या दिवशी खाली जाऊन मी नुसती ढिगांपाशी उभी राहिले. अब्बांवर माझं इतकं प्रेम होतं आणि त्या प्रेमानंच माझी वाचा बसली होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला नुसती भीती वाटत होती.

रविवारी तरंगिणीबाई आल्या. झुळूक आणि झुंबर लिहिणारी बाई कशी असेल याचं मी एक चित्र केलं होतं, त्यातलं काहीच नव्हतं. साठीच्या, ठेंगण्या, कॉटनचं नऊवारी नव्हे तर साधं पाचवारी पातळ, हातात भाजीची पिशवी, आणि पिशवीत कोथिंबिरीखाली दोन्ही कादंबऱ्या. अम्मीनं शेवयांची खीर पुढे ठेवली आणि ही खीरच आहे, खळ नाही, असं सांगितलं. मग मामूंची गोष्ट सांगावी लागली आणि बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. अब्बा हसले नाहीत. ते उभे राहिले आणि म्हणाले की माझ्याकडून आपल्या पुस्तकाची बेअदबी झाली, मी दोन्ही पुस्तकं उसवून नीट करून देतो आणि त्यानंतर हे काम बंद करतो आहे. बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्यावर मी रागावलेली नाही. इतक्या बायकांनी पुस्तक नेलं. माझ्या सुनंदाच्या जागी दुसरीच बाई येऊन बसली, आणि एकीलाही कळलं नाही. मला त्याचं वाईट वाटलंय." असं म्हणून त्यांनी पुस्तक मागून उघडलं. "नीट वाचलेलं दिसतंय ते फक्त या एका माणसानं. हा कोण आहे ते तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा." आणि त्यांनी माझं मत सावकाश, माझ्या अब्बांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. सुनंदाला बोलता येतं, डॉक्टरला ऐकू येतं. ती एक वाक्य बोलली असती तर.

अब्बांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, ज्यानं लिहिलंय त्यानं खरं लिहिलंय.

मी म्हटलं, "ते मी लिहिलंय." आणि थांबले असते तर पुन्हा कधीच बोलता आलं नसतं म्हणून त्याच दमात म्हटलं, "फॉर्मेही मीच बदलले. वाचायला वर नेले होते. अब्बांनी काही केलेलं नाही." एवढंच. मोजून चार वाक्यं. अम्मीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी अब्बांकडे बघत नव्हते. अब्बा मराठीतच, पाहुण्या बाई होत्या म्हणून, म्हणाले, "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?" मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याचं टोक पदरासारखं ओढून तो पुसला, परत लावला, आणि हसायला लागले. रागावणं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. अम्मीच्या मात्र राहिलं, आणि तिनं ते पुढे महिनाभर पुरवलं.

तरंगिणीबाईंनी मला जवळ बसवलं. त्यांनी विचारलं, बापट येऊन गेल्याला किती दिवस झाले. मी म्हटलं आठ. "आठ दिवस. का नाही बोललीस?" मी म्हटलं, अब्बांना वाईट वाटेल म्हणून, मग ते माझ्याकडे कसे बघतील म्हणून. बाईंनी माझ्या मतावर बोट ठेवलं. "मग माझ्या सुनंदाचं तरी दुसरं काय होतं?" त्या म्हणाल्या. "परक्या माणसाशी ती घडाघडा बोलतेच आहे की. बघ, स्टेशनमास्तरशी भांडलीये." मी स्टेशनमास्तरचं पान काढून परत वाचायला लागले.

अब्बांनी त्याच दुपारी दोन्ही पुस्तकं उसवली. सातवे फॉर्मे आपापल्या घरी गेले. शिवण्याआधी त्यांनी मला प्रत्येक फॉर्म्याची पहिली आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचायला लावली, आणि ती रीत पुढे त्यांनी काम सोडेपर्यंत, पुष्कळ वर्षं चालली. लोणी काळभोरला ते फक्त ईदला जात. तरंगिणीबाईंचं पुढचं हस्तलिखित छापखान्याआधी आमच्याकडे आलं. मी त्यातला एक पाऊस, दोन गैरसमज आणि नायकाचा क्षय काढायला लावला, आणि गैरसमजांपैकी एक त्यांनी हट्टानं ठेवला.

'झुळूक आणि झुंबर' परत पाठवण्याआधी मी खोडरबर घेऊन बसले होते. बाई म्हणाल्या होत्या, खोडू नकोस, खाली लिही. म्हणून खाली लिहिलं: 'पुन्हा वाचली. सुनंदा का बोलत नाही ते कळलं. माझी चूक होती. तरी दोनशे चाळीस पानं जास्तच होतात. आठ दिवस पुरे. — नसीम हमीद, कसबा पेठ.'